"आजपासून सेफ्टी तुमच्याकडे": कामाच्या ठिकाणी सुरक्षा-आरोग्याचा कार्यक्रम पहिल्यांदाच उभा करणाऱ्यांसाठी

मीटिंग संपून सगळे उठत होते, तेवढ्यात साहेब म्हणाले, "आणि हो, आजपासून सेफ्टी पण तुम्हीच बघा. हेल्थचंही काहीतरी करा." माझं मूळ काम स्टोअर आणि डिस्पॅचचं. सेफ्टीतलं मला एवढंच ठाऊक होतं की हेल्मेटचा पट्टा बांधायचा असतो.

पहिल्या महिन्यात जे करू नये ते सगळं मी केलं. चकचकीत पोस्टर छापून घेतली, सगळ्यांना ओळीत उभं करून शपथ दिली, दर शुक्रवारी ग्रुपवर 'सुरक्षा प्रथम' पाठवत राहिलो. दुसऱ्या महिन्यात एक नवा मुलगा कॉम्प्रेसरच्या खोलीबाहेर घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. मी धावत गेलो तर जमिनीवर पाणी साचलेलं आणि बरोबर त्याच्यावर भिंतीला माझं पोस्टर. पॅकिंगमधले एक काका शांतपणे म्हणाले, "तिथं रोजच ओल असते साहेब. आम्ही वळसा घालून जातो. पोरगं नवं, त्याला कोण सांगणार?"

असे वळसे सगळीकडे असतात. जुन्यांच्या पायांना ते पाठ असतात, नव्याला ठाऊक नसतात आणि कागदावर तर कुठेच नसतात. माझ्या मते कार्यक्रम म्हणजे हे वळसे शोधून एकेक बंद करणं. पोस्टर त्यानंतर लावायची असतील तर लावा. खालचा क्रम मी चुका करत, ठेच खातच शिकलो. कारखाना, गोदाम, ऑफिस, दवाखाना, कुठेही असा. क्रम हाच राहतो, धोक्यांची यादी तेवढी बदलते.

१. आधी अधिकार मागून घ्या

जबाबदारी तोंडी मिळते, अधिकार लेखी मागावे लागतात. काम सुरू करण्याआधी वरिष्ठांकडून तीन गोष्टी एका साध्या ईमेलवर घ्या: धोका दिसला तर काम थांबवायचा हक्क कुणाकुणाला आहे, मंजुरीसाठी न थांबता तुम्ही किती खर्च करू शकता, आणि आठवड्यातले किती तास या कामासाठी मोकळे मिळतील. तिसऱ्या मुद्द्यावर लाजू नका. 'जमेल तसं बघा' असं ठरलं की ते कधीच जमत नाही.

काम थांबवायचा हक्क फक्त तुमच्याकडे ठेवू नका. मशीनवरच्या माणसाला तो हवा, कारण रात्री अडीच वाजता तुम्ही तिथं नसता.

तुमच्या देशाचा आणि उद्योगाचा कायदा कुठला लागू होतो, तेही याच टप्प्यावर माहीतगाराकडून समजून घ्या. कुठले अपघात कुणाला आणि किती वेळात कळवायचे, सुरक्षा समिती सक्तीची आहे का, कुठल्या तपासण्या ठरावीक मुदतीत कराव्या लागतात, एवढं एका पानावर लिहून काढा. वरिष्ठ कुरकुरले तर सांगायला एक गोष्ट हाताशी असू द्या: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०२२ मध्ये सुरक्षित आणि निरोगी कामाच्या ठिकाणाचा हक्क कामगारांच्या मूलभूत हक्कांत समाविष्ट केला. आयएसओ ४५००१ हे सुरक्षा-आरोग्य व्यवस्थापनाचं २०१८ चं आंतरराष्ट्रीय मानक हवं असेल तर नंतर बघता येईल. प्रमाणपत्रापासून सुरुवात करणारे बहुतेक जण फायलीतच अडकतात.

२. हाताशी काय लागेल

- मागच्या दोन-तीन वर्षांची अपघाताची नोंदवही आणि प्रथमोपचार पेटीचं रजिस्टर. दुसरं जास्त बोलकं असतं. एकाच विभागात बँडेज भराभर संपत असतील तर तिथं काहीतरी कापतंय.
- आजारपणाच्या रजांचा विभागवार गोषवारा (नावं नकोत, आकडे पुरेत).
- मशीनची मॅन्युअल आणि मेंटेनन्सच्या नोंदी.
- वापरातल्या प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट. तिचे १६ विभाग असतात. सुरुवातीला चारच वाचा: २ (धोके), ४ (प्रथमोपचार), ७ (हाताळणी व साठवण) आणि ८ (संपर्क मर्यादा व संरक्षक साधनं).
- जागेचा साधा नकाशा, बाहेर पडायच्या वाटांसकट.
- फोनचा कॅमेरा, मोजपट्टी, टॉर्च, खिशात मावणारी वही.

महागडं सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी घेऊ नका. एक एक्सेल शीट पुरते.

३. फिरा, पण हातात चेकलिस्ट घेऊन नको

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि यालाच सगळ्यात कमी वेळ दिला जातो. चेकलिस्ट घेऊन फिरलात की चेकलिस्टमध्ये आहे तेवढंच दिसतं, आणि लोकांना वाटतं इन्स्पेक्शन आलं. पहिल्या फेऱ्या मोकळ्या हाताने मारा, त्या विभागातल्या एका माणसाला सोबत घेऊन. सुपरवायझर सोबत नको. तो असला की लोक त्याच्या तोंडाकडे बघून उत्तरं देतात.

वेळा बदला. सकाळी अकराला सगळंच नीट असतं. शिफ्ट बदलताना जा, रात्री जा, साफसफाई चालू असताना जा, मशीन बिघडून मेंटेनन्सवाले आत शिरलेले असताना जा. नेहमीचं काम सगळ्यांच्या हातात बसलेलं असतं. घोळ होतो तो नेहमीपेक्षा वेगळं काही करायची वेळ आली की.

आणि प्रश्न नीट विचारा. "काही अडचण आहे का?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "नाही साहेब, सगळं ठीक." माझ्या कामी आलेले प्रश्न हे:

- इथं उद्या नवा माणूस आला तर त्याला पहिली सूचना काय द्याल?
- या कामात सगळ्यात वैताग कशाचा येतो?
- घाई असते तेव्हा कुठली गोष्ट गाळली जाते?
- शिफ्ट संपल्यावर अंगाचा कुठला भाग दुखतो?

पहिल्या प्रश्नाने वळसे बाहेर पडतात. "त्या रॅकखालून जाऊ नको", "तो पंखा काठीने सुरू कर", "तिसऱ्या पायरीवर जपून". प्रत्येक वाक्य म्हणजे यादीतली एक नोंद.

एक प्रसंग सांगतो. आमच्या एका पॅकिंग मशीनच्या गार्डला इंटरलॉक होता, म्हणजे गार्ड उघडला की मशीन बंद पडणार. फिरताना बघितलं तर स्विचवर छोटं लोहचुंबक चिकटपट्टीने बसवलेलं. गार्ड उघडा, मशीन चालू. माझा पहिला विचार 'मेमो द्या' हाच होता. मशीनवरच्या ताई म्हणाल्या, "दर पाच मिनिटाला पुठ्ठा अडकतो. दर वेळी मशीन बंद, परत चालू. टार्गेट कसं गाठू?" मी तासभर तिथं उभा राहिलो. पुठ्ठा अकरा वेळा अडकला. मेमो दिला असता तर दुसऱ्या दिवशी चुंबक आणखी आत लपलं असतं, एवढंच. मशीन त्याच दिवशी थांबवलं. फीडरची पट्टी झिजली होती. ती बदलली आणि अडकणं जवळजवळ थांबलं. चुंबक ताईंनी स्वतः काढून माझ्या हातात दिलं. अजून माझ्या टेबलावर आहे.

सुरक्षेचं साधन कुणी निकामी केलेलं दिसलं तर मशीन लगेच थांबवाच, पण ते का निकामी केलं हे कळेपर्यंत शिक्षेचा विषय काढू नका.

४. यादीला क्रम लावा

फेऱ्या झाल्या की पन्नास-साठ नोंदी सहज होतात. सगळं एकदम होत नाही. प्रत्येक नोंदीला दोन प्रश्न लावा: झालंच तर किती वाईट होईल, आणि होण्याची शक्यता किती? दोन्ही उत्तरांना एक ते पाच गुण देऊन त्यांचा गुणाकार करायचा, असा पाच गुणिले पाचचा तक्ता पुष्कळ जण वापरतात. ठीक आहे, पण त्या आकड्यांशी खेळत बसू नका. मी पाहिलेल्या एका तक्त्यात कागदाने बोट कापणं आणि उंचीवरून पडणं यांचा गुणाकार सारखाच आला होता, कारण पहिलं रोज होतं आणि दुसरं कधी झालं नव्हतं. जीव जाऊ शकेल किंवा कायमचं अपंगत्व येऊ शकेल अशी नोंद शक्यता कितीही कमी वाटली तरी वरच राहणार, हा नियम आधीच ठरवून टाका.

पहिल्या आठवड्यात मात्र यादीतली दोन-तीन सोपी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची कामं उरकून घ्या. आमच्याकडे कॉम्प्रेसरच्या ड्रेनला साडेतीन फूट पाइप जोडून तो गटारात सोडला. अर्ध्या तासाचं काम! वर्षानुवर्षं लोक वळसा घालत होते. त्यानंतर लोक आपणहून येऊन सांगायला लागले, जे माझ्या शपथेने झालं नव्हतं.

५. उपाय निवडताना वरून खाली या

उपायांची एक उतरंड जगभर वापरली जाते. धोका मुळातून काढून टाकणं. ते जमत नसेल तर कमी धोक्याचं काहीतरी वापरणं. मग यंत्राला किंवा जागेला आडोसा, गार्ड, एक्झॉस्ट. मग कामाची पद्धत, वेळापत्रक, प्रशिक्षण. आणि सगळ्यात शेवटी अंगावरची साधनं, म्हणजे हेल्मेट, गॉगल, हातमोजे, इअरप्लग. नवखा माणूस नेमका खालून सुरू करतो, कारण हातमोजे त्याच दिवशी मागवता येतात.

आवाजाचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या नायोश या संशोधन संस्थेची शिफारस आठ तासांसाठी सरासरी ८५ डेसिबलची आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. तुमच्याकडचा कायदेशीर आकडा वेगळा असू शकतो, तो तपासा. यंत्र हाताशी नसेल तर ढोबळ खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर मोजमाप करून घ्यायची वेळ झाली आहे.

आमच्याकडे कचरा उडवायला दाबाची हवा वापरायचे, उघड्या पाइपने. कानठळ्या बसायच्या. मी खोकाभर इअरप्लग मागवले. लोकांनी ते अर्धवट खुपसले आणि दुसऱ्या आठवड्यात खिशात ठेवले. मग कमी आवाजाचे नोझल बसवले, हवेचा दाब उतरवला, आणि दोन ठिकाणी हवेऐवजी व्हॅक्यूम आणला. इअरप्लग आता एकाच कोपऱ्यात लागतात. तिथंही घालायचे कसे ते प्रत्येकाला करून दाखवलं: बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. हे करून न दाखवता वाटलेले इअरप्लग म्हणजे नुसता कागदोपत्री उपाय.

वजन उचलण्याचंही तसंच. 'पाठ ताठ ठेवा' हे पोस्टर सगळीकडे असतं. नायोशच्या सूत्रात अगदी आदर्श परिस्थितीतही मर्यादा २३ किलोची आहे, आणि माल अंगापासून लांब असेल, जमिनीवरून उचलायचा असेल, अंग वळवावं लागत असेल किंवा मिनिटाला अनेकदा उचलायचा असेल तर ती भराभर खाली येते. त्यामुळे पाठीचे धडे देण्याआधी पॅलेट कमरेच्या उंचीवर आणता येतं का ते बघा.

मशीन दुरुस्तीला एक पथ्य, यात सूट नको: वीज, हवा, हायड्रॉलिक सगळं बंद करून कुलूप लावायचं. आत काम करणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप आणि किल्ली स्वतःच्या खिशात. साठलेला दाब सोडायचा, अधांतरी भागाला टेकू द्यायचा आणि हात घालण्याआधी बटण दाबून मशीन खरंच सुरू होत नाही ना ते बघायचं. हे शेवटचं लोक गाळतात. चुकीचा ब्रेकर पाडलाय हे कळतं ते याच पायरीला.

६. कळवणं सोपं करा, आणि उत्तर द्या

थोडक्यात वाचलो, असा प्रसंग कळला पाहिजे. त्यासाठी चार पानी फॉर्म ठेवलात तर कुणी भरणार नाही. काय झालं, कुठं, कधी, बस. नाव ऐच्छिक. लिहायला अवघड जात असेल त्याने फोनवर बोलून पाठवलं तरी चालेल.

मग ४८ तासांत उत्तर. काम होणार नसेल तरी उत्तर: "या महिन्यात जमणार नाही, कारण अमुक, तोवर तिथं कठडा लावलाय." तीनदा सांगून काही झालं नाही की चौथ्यांदा कुणी सांगत नाही, आणि तुम्हाला वाटतं सगळं सुधारलं.

इथला मोठा सापळा म्हणजे 'अपघातमुक्त दिवस' मोजणारा फलक आणि त्यावर बक्षीस. आम्ही शंभर दिवसांना सगळ्यांना भेटवस्तू जाहीर केली होती. सत्त्याण्णव्या दिवशी कटिंगमधल्या एका दादाच्या तळहाताला खोल जखम झाली. त्याने रुमाल गुंडाळला, वर हातमोजा चढवला आणि शिफ्ट पूर्ण केली, कारण त्याच्या एकट्यामुळे सगळ्यांचं बक्षीस गेलं असतं. जखम चिघळल्यावर मला कळलं. त्या फलकाचा आकडा मी पुन्हा बदलला नाही, फलकच उतरवला.

तीनशे इजा न झालेले प्रसंग, एकोणतीस किरकोळ इजा आणि एक गंभीर, हा अमेरिकेतल्या हाइनरिख या सुरक्षा-तज्ज्ञाचा १९३१ चा त्रिकोण कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणात तुम्हाला दाखवला जाईल. तो पाढ्यासारखा घेऊ नका. किरकोळ कापणं-खरचटणं कमी केलं म्हणून गंभीर अपघात आपोआप त्या प्रमाणात कमी होत नाहीत. उंची, वीज, बंदिस्त जागा, वाहनं यांच्याकडे वेगळं बघावं लागतं.

अपघाताच्या चौकशीत कारण म्हणून 'निष्काळजीपणा' लिहिलात तर चौकशी तिथंच संपते. त्या जागी दुसरा कुणीही असता तर तेच घडलं असतं का, हे विचारा.

७. आता आरोग्य

'हेल्थचंही काहीतरी करा' याचं मी काय केलं? पावलं मोजायची स्पर्धा. गोदामात ऑर्डर गोळा करणारा पोरगा पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पुढे गेला आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला. त्याला चालायची नव्हे, बसायची गरज होती. बक्षीस म्हणून त्याला पाण्याची बाटली दिली, स्टूल दिलं नाही. आठवलं की अजून ओशाळायला होतं.

अमेरिकेत एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या १६० ठिकाणी सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आरोग्य कार्यक्रम कुठे राबवायचा ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. दीड वर्षानंतर व्यायाम आणि वजनाकडे लक्ष देतो असं सांगणारे वाढले, पण रक्तदाब, साखर यांसारखी मोजमापं, उपचारांचा खर्च आणि गैरहजेरी यांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून माणसाला सुधारायच्या आधी कामाकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेतून आलेल्या १९८६ च्या ओटावा सनदेतही आरोग्याला पोषक परिस्थिती निर्माण करण्यावर भर होता.

पहिली तपासणी तासांची. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. ओव्हरटाइमचं रजिस्टर उघडा. तीच ती नावं वर दिसतील.

त्यानंतर: रात्रपाळीनंतर लगेच सकाळची पाळी लागतेय का, पाणी आणि स्वच्छतागृह किती लांब, तिथं जायला परवानगी लागते का, विश्रांती खरंच मिळते की फक्त वेळापत्रकात आहे, शिवीगाळ किंवा त्रास झाला तर सांगायचं कुणाला. मनावरच्या ताणाबद्दल व्याख्यान ठेवण्याआधी कामाचा बोजा किती, ते कसं करायचं हे ठरवायची मुभा किती आणि अडल्यावर मदत मिळते का, एवढं विचारून बघा. स्क्रीनसमोर बसणाऱ्यांसाठी तीन गोष्टी: स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर, आणि अधूनमधून उठणं.

यानंतर तपासणी शिबिर, तंबाखू सोडायला मदत, समुपदेशन, सगळं जरूर करा. फक्त ऐच्छिक ठेवा आणि कुणाचाही रिपोर्ट तुमच्यापर्यंत किंवा साहेबांपर्यंत येणार नाही अशी सोय डॉक्टरांशी लेखी ठरवा. 'अमक्याची साखर वाढली' हे एकदा कॅन्टीनमध्ये पोचलं की पुढच्या शिबिराला कुणी येत नाही.

८. शिकवायचं ते हाताने

तासाभराच्या स्लाइड नकोत. शिफ्टच्या सुरुवातीला पाच-दहा मिनिटं, एकच विषय, जागेवर उभं राहून. अग्निशामक घेऊन बाहेर जा आणि प्रत्येकाला वापरू द्या: पिन ओढा, नळी ज्वाळांच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. हातात धरायचं नेहमीचं नळकांडं मिनिटाच्या आत रिकामं होतं, हे कळल्यावर बहुतेकांचे डोळे विस्फारतात. आग पसरलेली असेल किंवा बाहेर पडायची वाट अडत असेल तर नळकांडं सोडून बाहेर, हेही त्याच वेळी सांगा. डोळ्यात रसायन गेलं तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं, हेही नळाशी उभं करून दाखवा. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते घड्याळ लावल्यावरच समजतं.

कंत्राटी कामगार, शिकाऊ आणि साफसफाईवाले यांना विसरू नका. प्रशिक्षणाच्या यादीत त्यांची नावं नसतात आणि धोक्याच्या जागी तेच असतात.

९. मोजा, आणि परत फिरा

निव्वळ अपघात मोजलेत तर नशीबही मोजलं जातं. दर महिन्याला तीन आकडे काढा: लोकांनी किती गोष्टी कळवल्या, त्यातल्या किती ठरल्या वेळेत मार्गी लागल्या, आणि सगळ्यात जुनी पडून राहिलेली नोंद किती दिवसांची आहे. सुरुवातीला पहिला आकडा वाढतो. साहेब घाबरतील, तो वाढणं चांगलं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

दर तीन महिन्यांनी पुन्हा फेरी मारा. या वेळी सोबतीला जुना जाणकार नको, कामाला लागून महिना झालेला माणूस घ्या आणि त्याला विचारा, "इथं आल्यावर तुला कुठून वळसा घालायला सांगितलं?" मागच्या वेळी आमच्या नव्या पोराने मला सरळ मागच्या दाराच्या रॅम्पकडे नेलं. तिथं पाऊण वीत उंचीचा कठडा तुटलेला होता आणि मी स्वतः रोज त्याच्या कडेने जात होतो.